मदत हवी आहे: १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचे मूळ अवयव

नमस्कार. देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी अभ्यासलेल्या डेम्लो संख्यांपैकी (१, १२१, १२३२१ यांसारख्या) १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येवर मी शाळेतील मुलांसाठी टिपण लिहीत आहे. ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. दहा एकांचा वर्ग केला की हातचा मधल्या स्थानातून पुढे सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येऊन ही सुरेख रचना मोडते. हा भाग मुलांना सहज पटतो.

अडचण अवयवांची आहे. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, म्हणून १२३४५६७८९८७६५४३२१ चे एकूण ४५ विभाजक मिळतात; मात्र त्यासाठी ३३३६६७ ही मूळ संख्या आहे हे आधी सिद्ध व्हायला हवे. तिचे वर्गमूळ ५७७ पेक्षा किंचित मोठे असल्याने तोपर्यंतच्या साऱ्या मूळ संख्यांनी भागून पाहणे शक्य आहे, पण ते फारच कंटाळवाणे होते. माझ्या वाचनात असे आले की १८ ने भागल्यास १ बाकी उरणाऱ्या मूळ संख्याच, म्हणजे १९, ३७, ७३, १०९ पासून ५७७ पर्यंतच्या अवघ्या १७, तपासल्या तरी पुरते. हे फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (p ही मूळ संख्या १० ला भागत नसेल, तर १० च्या (p − १) व्या घाताला p ने भागल्यास १ बाकी उरते) येते एवढे समजले. परंतु १० च्या नवव्या घाताचा इथे नेमका संबंध कसा लागतो, आणि ३ व ३७ यांचा वेगळा विचार का करावा लागतो, हे नववीच्या मुलांना पेलेल अशा पायऱ्यांनी कोणी समजावून सांगू शकेल का? भागाकार अजिबात न करता सिद्धता देता येत असेल, तर तीही अवश्य कळवावी.