मदत हवी आहे: मागच्या अंगणाचा उतार, काळ्या दगडाची भिंत, पाऊस तोंडावर

घाईत_मुलुंडकर
मुलुंड कॉलनीत बैठं घर. मागचं अंगण उताराचं, पावसात माती थेट स्वयंपाकघराच्या दारात. काळ्या दगडाची भिंत घालून सपाट करायचंय, काँक्रीट नको. किती ब्रास दगड लागेल? मुकादम उद्या ट्रक पाठवतोय. लवकर सांगा.

गडगेकर
उंची? लांबी? पाणी कुठे काढणार? ट्रक थांबवा आधी.

घाईत_मुलुंडकर
उंची सहा फूट, लांबी तीस. घरापासून हद्दीपर्यंत सोळा फूट. आता सांगा.

हिरवळ
वर लॉन लावणार असाल तर कार्पेट ग्रास घ्या.

गडगेकर
लॉनचं कोणी विचारलंय? 🙂
सहा फुटांची एकच सुकी भिंत, म्हणजे मालाशिवाय नुसती रचलेली, घालू नका. तीन-तीन फुटांच्या दोन टप्प्यांत घ्या, मध्ये किमान सहा फूट मोकळे. जवळ आणलीत तर वरच्या भिंतीचा भार खालचीवर येतो.
प्रत्येक भिंत एक फूट जमिनीत, घट्ट मुरूम लागेपर्यंत. तळाला रुंदी दोन फूट. दर्शनी बाजू फुटाला दोन इंच मागे कललेली, म्हणजे माथा सोळा इंच. हिशेब: ३० × ४ × सरासरी १.६७, म्हणजे २०० घनफूट, दोन ब्रास. दोन्हींचे चार, वर तुटीला अर्धा.
सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. साधारण दर चौरस मीटरला एक दगड भिंतीच्या पूर्ण जाडीत आरपार हवा. गवंडी हाच टाळतात, कारण लांब दगड शोधावे लागतात. मग पुढचा दर्शनी थर पोट काढून बाहेर येतो.
मागे एक फूट जाडीची ४० एमएम खडी, भिंतीला जवळजवळ एक ब्रास. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), नाहीतर दोन पावसांत खडीत गाळ बसतो. तळाला भोकं पाडलेला चार इंची पाइप, शंभराला एक उतार, तोंड गटारात.

पक्केकाम
सुकी भिंत मुंबईच्या पावसात? १:६ सिमेंट-वाळूच्या मालात रबल (ओबडधोबड दगड) बांधा, दर्जा भरा म्हणजे सांधे मालाने बुजवा, विषय संपला.

गडगेकर
दर्जा भरलात म्हणजे पाण्याची वाट बंद. सहा फूट पाणी मागे तुंबलं तर नुसत्या पाण्याचा रेटा मीटरभर लांबीला सुमारे १.७ टन. मालाडला २०१९ च्या जुलैत पडलेली भिंत आठवा.

पक्केकाम
भोकं ठेवूनच बांधतात हो. दीड-दीड मीटरवर चार इंची पाइप.

गडगेकर
भोकामागे खडी नसेल तर ते चिखलाने बुजतं.

वाळाप्रेमी
भिंत हवीच कशाला? समपातळीवर वाळ्याच्या रांगा लावा, मुळं खोल जातात.

कुतूहल
सुक्या भिंतीत साप राहतात ना?

गडगेकर
राहतात. दर्शनी फटी चिपांनी घट्ट ठोका, पायथ्याशी झुडपं नकोत.
@घाईत, हद्दीपलीकडे काय आहे ते सांगितलंच नाहीत.

घाईत_मुलुंडकर
शेजाऱ्यांची कंपाउंड भिंत. आणि त्यांचा शोषखड्डा, हद्दीपासून चार-पाच फुटांवर. त्याने काय फरक पडतो?

पक्केकाम
अरे देवा.

गडगेकर
सगळाच फरक पडतो. घराजवळ चार फूट जागा, मग भिंत दोन, मोकळे सहा, वरची भिंत दोन. हद्दीपर्यंत उरतात दोनच फूट. वरच्या भिंतीसाठी कापलंत तर त्यांच्या कंपाउंडचा पाया उघडा पडेल, आणि शोषखड्ड्याची ओल बारा महिने तुमच्या खडीत. मी आधी दिलेलं माप विसरा. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा दाखवा. पाऊस साधारण ११ जूनला येतो. आत्ता कापून उघडा ठेवलेला उतार जुलैत खाली बसतो. यंदा हद्दीलगत उथळ चर काढून वरचं पाणी कडेने गटारात वळवा, उतारावर ताडपत्री. खणणं दिवाळीनंतर.

पक्केकाम
यावर माझंही हेच मत.

वाळाप्रेमी
आणि वाळा लावायचा असेल तर पहिल्या पावसाबरोबरच, चार-सहा इंचांवर एकेक फुटवा.

घाईत_मुलुंडकर
मुकादमाला फोन केला. ट्रक निघालाय म्हणतो.

गडगेकर
मग उतरवून घ्या. पण ढीग उताराच्या माथ्यावर नको, खाली घराच्या बाजूच्या सपाट जागेत. आणि ब्रास मोजून घ्या, ढिगात पोकळी बरीच असते.

हिरवळ
लॉनचं काय ठरलं मग?