इन्सुलिनचे रिकामे पाऊच: ४२०२ की ९०१८?

गव्हाणफाटा:
न्हावा शेवा बंदरात उतरलेल्या एका मालावरून आमच्या कार्यालयात दोन आठवडे वाद चालू आहे, तो इथे मांडतो. माल म्हणजे मधुमेहींसाठीचे पाऊच. बाहेरून पॉलिएस्टरचे कापड, आत चकाकता उष्णतारोधक थर, इन्सुलिनची दोन पेने अडकवायला इलॅस्टिकचे पट्टे, जेल पॅकसाठी जाळीचा कप्पा आणि सुयांसाठी चेनची छोटी पिशवी. पाऊच रिकामे येतात. आयातदाराने सीमाशुल्क दरसूचीतले (टॅरिफमधले) हेडिंग ९०१८, म्हणजे वैद्यकीय उपकरणांचे, लावले होते. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी बिल ऑफ एंट्रीचे (आयातीच्या घोषणापत्राचे) पुनर्निर्धारण, म्हणजे फेरआकारणी, करून ४२०२, म्हणजे सुटकेस, पिशव्या व केस यांचे हेडिंग, लावले.

मला हे चुकीचे वाटते. ९०१८ ज्यात येते त्या प्रकरण ९० ची टीप २(बी) सांगते की एखाद्या विशिष्ट उपकरणाबरोबरच, केवळ किंवा मुख्यत्वे, वापरण्याजोगे सुटे भाग व जोडसाहित्य त्या उपकरणासोबतच वर्गीकृत करावे. या पट्ट्यांचे माप पेनाच्या जाडीइतकेच आहे. त्यांत चष्मा बसत नाही, जेवणाचा डबा तर नाहीच. २ ते ८ अंश सेल्सिअसला साठवायचे औषध उन्हातून नेण्यासाठी शिवलेली वस्तू सुटकेस आणि हँडबॅगेच्या पंगतीत बसवणे पटत नाही.

दशमान:
आपण टीप २(बी)पासून सुरुवात केलीत, तिथेच गफलत झाली. दरसूचीच्या अर्थनिर्णयाच्या सर्वसाधारण नियमांपैकी नियम १ प्रमाणे आधी हेडिंगचे शब्द आणि टिपा वाचायच्या असतात, म्हणून ४२०२ पुन्हा वाचावे ही विनंती. त्यात चष्म्याची, दुर्बिणीची, कॅमेऱ्याची, वाद्याची आणि बंदुकीची केस नावानिशी आहे, आणि पुढे 'तत्सम' आहे. व्हायोलिनची केस तर व्हायोलिनच्याच आकाराची असते, तिच्यात दुसरे काही धड मावत नाही; तरीही रिकामी आली की ती ४२०२ मध्येच जाते. एका वस्तूच्या मापाने बेतलेली म्हणून केस त्या वस्तूच्या हेडिंगमध्ये जाणार असती, तर ही सगळी नावे तिथे लिहिण्याचे कारणच उरले नसते. शिवाय त्याच हेडिंगच्या उत्तरार्धात खाद्यपेयांच्या उष्णतारोधक पिशव्याही आहेत, म्हणजे चकाकत्या थराचाही उपयोग होत नाही.

आणि 'विशिष्ट उपकरण' नेमके कोणते? पेन ९०१८ मध्ये, ग्लुकोमीटर साधारणपणे ९०२७ मध्ये, त्याच्या रक्तचाचणीच्या पट्ट्या ३८२२ मध्ये आणि इन्सुलिन स्वतः ३००४ मध्ये. एकाच पाऊचमध्ये ही चारही हेडिंगे सुखाने नांदतात.

सिरिंजवाला:
कायद्याचा कीस मान्य, पण हा पाऊच कोणी हौसेने खांद्याला अडकवत नाही. माझ्या वडिलांच्या एसटी प्रवासात तो औषधाइतकाच आवश्यक असतो. प्रथमोपचार पेटीला ३००६ ५० हे स्वतंत्र उपशीर्षक मिळते, म्हणजे वापराचा विचार टॅरिफलाही वर्ज्य नाही. मग इथेच का?

दशमान:
कारण ती पेटी पट्ट्या, कापूस, मलम यांसह भरलेली असते. तीच पेटी रिकामी आली तर तिलाही ३००६ मिळणार नाही. वडिलांच्या गरजेबद्दल दुमत नाही; पण त्यावरचा उपाय सूट देणारी अधिसूचना हा आहे, हेडिंग ताणणे नव्हे.

नियम_पाच:
दोन्ही बाजूंनी 'रिकामे' या शब्दाशी फार घाईने हिशेब मिटवला आहे. हाच पाऊच ग्लुकोमीटरसह एका खोक्यात आला असता, तर नियम ५(ए) लागला असता: वस्तूसाठी खास बेतलेली, दीर्घकाळ टिकणारी, वस्तूसोबतच आलेली आणि सहसा तिच्याबरोबर विकली जाणारी केस त्या वस्तूसोबत वर्गीकृत होते. म्हणजे कापड तेच, शिलाई तीच, आणि हेडिंग बदलते ते खोक्यात मीटर आहे की नाही यावर.

खरी अडचण पाऊचची नसून कडक, साच्यातून काढलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या केसची आहे. ४२०२ मध्ये एक अर्धविराम आहे. त्याच्या आधीच्या वस्तू कोणत्याही पदार्थाच्या चालतात. नंतरच्या मात्र चामडे, प्लॅस्टिकची शीट, कापड अशा ठरावीक पदार्थांच्याच हव्यात. साच्यातली केस 'शीट'ची नसते. ती कॅमेऱ्याच्या केसशी तत्सम मानली तर ४२०२ मध्येच राहते. प्रवासी पिशवीशी तत्सम मानली तर तिथून बाहेर पडून प्रकरण ३९ मध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या वस्तूंत, जाते. गव्हाणफाटा यांनी त्या मालावर भांडावे, तिथे निदान जागा आहे.

गव्हाणफाटा:
व्हायोलिनच्या केसचे उत्तर माझ्याकडे नाही, हे कबूल करतो. तरीही चार हेडिंगांचा मुद्दा पूर्ण पटत नाही, कारण आमच्या पाऊचमध्ये मीटरसाठी कप्पाच नाही. जाता जाता, ९०१८ म्हणजे स्वस्त असे समजणाऱ्यांनी २०२० च्या अर्थसंकल्पातला ५ टक्के आरोग्य उपकर आठवावा. तो ९०१८ ते ९०२२ या हेडिंगांवरच लावला गेला. आयातदार आता ॲडव्हान्स रूलिंग, म्हणजे वर्गीकरणाबद्दल प्राधिकरणाचा आगाऊ निर्णय, घ्यावे म्हणतो.

दशमान:
ती वाट सध्या बंद आहे. त्याच अर्जदाराचा तोच प्रश्न अधिकाऱ्यांपुढे प्रलंबित असला, तर अर्ज दाखल करून घेतला जात नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७(५) खाली कारणांसह आदेश मागा, तो पुनर्निर्धारणानंतर १५ दिवसांत द्यावा लागतो, आणि मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील करा. अपिलाला नमुना जोडाल तेव्हा पट्ट्यांत पेने अडकवलेला, माहितीपत्रकातला तो फोटो मात्र लावू नका. कंटेनरमधून पेने आलेलीच नाहीत.