रोज अकरा साइट उघडून बघणं

मामा: त्या फेलोशिपची मुदत परवा संपली. सूचना तीन आठवडे साइटवर होती आणि मी तिकडे फिरकलोच नाही. रोज सकाळी अकरा साइट उघडतो, बहुतेक ठिकाणी नवीन काहीच नसतं. शेवटी कंटाळा येतो.

ताई: अरेरे मामा. त्या साइटला फीड आहे का बघितलंस?

मामा: फेसबुकवर असतं ते?

ताई: ते नव्हे. तिथे काय दाखवायचं ते कंपनी ठरवते. मी आरएसएस म्हणतेय. साइट नव्या मजकुराची यादी एका ठरलेल्या पत्त्यावर ठेवते, तेच तिचं फीड. मथळा, तारीख, लिंक, कधी अख्खा लेखसुद्धा. आपलं रीडर अ‍ॅप थोड्या थोड्या वेळाने ती यादी तपासतं आणि नवीन आलेलं तारखेनुसार समोर ठेवतं.

मावशी: मग न्यूजलेटर घ्यावं की सरळ. ईमेल येतोच.

ताई: मावशी, त्यासाठी आपला ईमेल द्यावा लागतो, आणि तो पुढे कुठे कुठे जातो कोण जाणे. इथे साइटला नाव, नंबर काही द्यायचं नाही. नको झालं की अ‍ॅपमधल्या आपल्या साइटच्या यादीतून काढलं, संपलं.

दादा: पण आरएसएस बंद झालं ना? २०१३ला गूगल रीडर गेलं, तेव्हा मीही सोडलं.

ताई: दादा, बंद झाला तो एक रीडर. आरएसएस १९९९पासून आहे आणि कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. तुझ्या पॉडकास्टचे नवे भाग अजूनही फीडमधूनच येतात. रीडर गेला तेव्हा मलाही फार वाईट वाटलं होतं, पण माझ्या साइटची यादी ओपीएमएल फाइलमध्ये, म्हणजे दुसऱ्या रीडरलाही वाचता येते अशा फाइलमध्ये, उतरवून ठेवली होती. दुसऱ्या रीडरमध्ये ती तशीच चढवली. आजवर तीन रीडर बदलले, यादी तीच आहे.

मामा: मी काय घेऊ?

ताई: तुझा अँड्रॉइड आहे, फीडर नावाचं अ‍ॅप घे. खातं उघडावं लागत नाही. आयफोनवाल्यांनी नेटन्यूजवायर. साइटचा पत्ता टाकलास की अ‍ॅप बहुतेक वेळा फीड स्वतःच शोधतं. नाही सापडलं तर साइटवर नारिंगी चौकोन दिसतो का बघ, ती आरएसएसची खूण. आणि एक, वर्तमानपत्रांच्या साइट त्यात टाकू नकोस. दिवसाला शेकडो बातम्या येतील आणि आठवड्यात तू अ‍ॅप उघडणं सोडशील. दोन-तीन महिन्यांतून एकदाच काही टाकणाऱ्या साइट आधी टाक. खरा उपयोग त्यांच्यासाठीच आहे, कारण तिथे रोज जाणं कुणालाच जमत नाही.

मामा: अकरापैकी सात सापडल्या! पण जुन्या सूचना थोड्याच दिसतायत.

ताई: फीडमध्ये शेवटच्या काही नोंदीच असतात, वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या साइटवर सहसा १०. आजपासूनचं मात्र काही सुटणार नाही.

मामा: फेलोशिपची साइट उरलेल्या चारात आहे गं.

ताई: मग त्यांना लिही, फीड सुरू करा म्हणून. खरंच लिही. मी एका संस्थेला दोनदा लिहिलं, दुसऱ्या वेळी त्यांनी केलं. तोवर ती एकच साइट सोमवारी हाताने बघ.

मावशी: यूट्यूब चॅनलचं होतं का असं?

ताई: होतं. चॅनलच्या पानाचा पत्ता टाकून बघ, अडलं तर संध्याकाळी फोन कर.