लार्ज सेंटच्या अल्बममधल्या शेवटच्या दोन रिकाम्या जागा

1799 आणि 1804 सोडून लार्ज सेंटचा (अमेरिकेचं जुनं, तांब्याचं, मोठं एक सेंटचं नाणं) 1793 ते 1857 चा अल्बम भरला, म्हणजे खरं अवघड काम आता उरलंय. (1815 ची जागा शोधू नका, त्या सालाचे सेंट नाहीतच.)

1804 घेताना आधी नाणं उलटं करून बघा. अस्सल नाण्यात सालातलं शून्य मागच्या बाजूच्या 'युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका'तल्या 'ऑफ'मधल्या 'ओ'च्या बरोबर मागे येतं, आणि 4 च्या आडव्या रेघेच्या टोकाला छोटी उभी रेघ असते. दोन्हींपैकी एक जरी खूण जुळली नाही तर सौदा सोडा. टाकून दिलेल्या साच्यांवरून 1860 च्या सुमारास खासगीत पाडलेले 'रीस्ट्राइक'सुद्धा 1804 म्हणून विकायला येतात. तुमच्या जागेत ते बसवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

1799 मध्ये फसवणूक बहुधा शेवटच्या आकड्यात असते: 1798 च्या 8 चा कोरून 9 केलेला. दहापट भिंगाखाली आकड्याभोवतीचं तांबं खरवडलेलं किंवा वेगळ्या रंगाचं दिसतं. कडेला सांधा दिसला तर ते इलेक्ट्रोटाइप, म्हणजे दोन पातळ बाजू जोडून केलेली नक्कल. वजनही करा, या दोन्ही सालांचं प्रमाण 10.89 ग्रॅम, झिजलेलं नाणं थोडं कमी भरेल.

बसवताना नाणं फक्त कडेवर दाबून पूर्ण खाली न्या. वर राहिलं तर अल्बमची प्लास्टिकची पट्टी सरकवताना नाण्यावरच्या चेहऱ्याच्या गालावर आणि केसांवर समांतर ओरखडे उठतात, ते कधीच जात नाहीत. पीव्हीसीची पाकिटं मात्र अजिबात नकोत, तांब्यावर हिरवा चिकट थर येतो.