भराव घातला तर किनारपक्षी शेजारच्या चिखलावर जात नाहीत का?

प्रश्न
मी ठाणे खाडीजवळ राहतो आणि ओहोटीच्या वेळी चिखलात शिवणयंत्राच्या सुईसारखी भराभर चोच मारणारे तुतवार पाहण्याचा मला छंद आहे. मध्यंतरी एका चर्चेत एका गृहस्थांनी असा मुद्दा मांडला की, पक्ष्यांना पंख असतात, त्यामुळे एक जागा बुजवली तरी ते शेजारच्या जागेवर जातील आणि संख्येत फरक पडणार नाही. हे म्हणणे मला पटले नाही. पण खोडूनही काढता आले नाही. जगात कुठे भराव घालण्याच्या आधी आणि नंतर पक्ष्यांची मोजणी करून हे तपासले गेले आहे काय?

उत्तर १
होय, आणि ते उदाहरण दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील सेमांगुमचे आहे. तेथे दोन नद्यांच्या मुखाशी असलेला सुमारे ४०० चौरस किलोमीटरचा भरती-ओहोटीचा प्रदेश ३३ किलोमीटरहून लांब बांध घालून एप्रिल २००६ मध्ये समुद्रापासून तोडण्यात आला. बांधाच्या समर्थकांचे म्हणणे आपल्या गृहस्थांसारखेच होते. पक्षिअभ्यासकांनी मात्र २००६ ते २००८ अशी सलग तीन वर्षे सेमांगुमबरोबरच शेजारच्या गुम नदीच्या मुखावर आणि गोम्सो उपसागरातही मोजणी केली. शेजारी पक्षी थोडे वाढले, पण सेमांगुममधून नाहीसे झालेले पक्षी त्यात भरून निघाले नाहीत. एकट्या ‘ग्रेट नॉट’ या जातीचेच सुमारे ९०,००० पक्षी कमी भरले. हे पक्षी सैबेरियात वीण करतात आणि त्यांतील बहुसंख्य हिवाळ्यात वायव्य ऑस्ट्रेलियात असतात. ते अन्यत्र सुखरूप असते, तर ऑस्ट्रेलियातील मोजणीत दिसले असते. तेथेही संख्या घटलेलीच आढळली. म्हणजे ते दुसऱ्या जागी गेले नव्हते, मेले होते. २०१५ पासून ही जाती जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानली जाते.

उत्तर २
वरील उत्तरात ‘का’ हा भाग राहिला आहे. शेजारचा चिखल रिकामा असतो, हे त्या युक्तिवादातील गृहीतकच चुकीचे आहे. तेथे आधीपासून पक्षी जेवत असतात आणि सगळा चिखल सारखाही नसतो. नॉट पक्षी शिंपले अख्खे गिळून पोटात भरडतो. ‘रेड नॉट’ या त्याच्या जवळच्या जातीच्या चोचीच्या टोकात तर ओल्या वाळूत पुरलेली कठीण वस्तू दाबाच्या फरकावरून ओळखणारी संवेदनेंद्रिये असतात. ज्या चिखलात योग्य आकाराचे, पातळ कवचाचे शिंपले नाहीत, तो दिसायला कितीही विस्तीर्ण असला तरी नॉटच्या दृष्टीने तेथे अन्न नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. ‘बार-टेल्ड गॉडविट’ हा लांब चोचीचा किनारपक्षी अलास्काहून निघण्यापूर्वी इतकी चरबी साठवतो की, शरीराचे निम्म्याहून अधिक वजन तिचेच असते, आणि जठर, आतडी व यकृत आक्रसतात. २०२२ साली या जातीचा जेमतेम पाच महिन्यांचा एक पक्षी अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर न थांबता ११ दिवसांत उडत गेला. परतीच्या प्रवासात मात्र या पक्ष्यांना चीन आणि कोरिया यांच्यामधील पीत समुद्राच्या किनाऱ्यावर उतरून पुन्हा चरबी साठवावी लागते. ज्याने हजारो किलोमीटरचे अंतर कापून सगळी शिदोरी संपवलेली आहे, त्याला ‘पुढच्या खाडीत बघ’ असे सांगण्यात अर्थ नाही.

उत्तर ३
भराव हे एकमेव कारण नाही, एवढी दुरुस्ती मला सुचवावीशी वाटते. किनारा धरून ठेवण्यासाठी १९७९ मध्ये चीनने अमेरिकेतून आणलेले स्पार्टिना गवत उघड्या चिखलावर इतके माजले की, तेथे पक्ष्यांना उतरणेच अशक्य झाले आणि आता ते काढण्यावर मोठा खर्च होत आहे. आपल्याकडे उघड्या चिखलावर कांदळवन लावण्याचा उत्साह दिसतो, तेव्हा मला हे गवत आठवते. कांदळवन हवेच, पण ते चिखलाच्या पट्ट्याची जागा घेऊ शकत नाही.

चांगल्या बातम्याही आहेत. २०१८ साली चीनने व्यावसायिक हेतूने समुद्रात भराव घालणे थांबवले, २०१९ मध्ये पीत समुद्रकाठची काही ठिकाणे जागतिक वारसा झाली आणि २०२४ मध्ये त्यांत भर पडली. कोरियाचे चिखलपट्टे २०२१ मध्ये त्या यादीत आले. त्यांत सेमांगुमच्या उत्तरेचे सोचॉन आहे, दक्षिणेचे गोचांग आहे. मधले सेमांगुम अर्थातच नाही.

जिआंग्सू प्रांतातील त्याओझीनी येथे जे केले गेले, ते विशेष पाहण्यासारखे आहे. तेथे ओहोटीचा चिखल शाबूत होता, परंतु भरतीच्या वेळी टेकायला जागा उरली नव्हती. म्हणून २०२० मध्ये बांधाच्या आतील सुमारे ४८ हेक्टर मत्स्यतळी राखून त्यांतील पाणी उथळ ठेवण्यात आले. अतिसंकटग्रस्त असलेला चमच्यासारख्या चोचीचा तुतवारही तेथे विसावतो. ठाणे खाडीतील रोहित (फ्लेमिंगो) भरतीला नेरूळच्या तळ्यांकडे येतात, त्यामागचे कारण हेच आहे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. मी आजवर केवळ ओहोटीलाच खाडीवर जात होतो आणि बुजवल्या जाणाऱ्या तळ्यांकडे ‘तेथे तर पक्षी जेवत नाहीत’ म्हणून दुर्लक्ष करीत होतो. येत्या पौर्णिमेच्या भरतीला तेथेच दुर्बीण घेऊन बसणार आहे. आपल्यापैकी कोणाकडे नेरूळ परिसरातील भरतीच्या वेळच्या जुन्या नोंदी असल्यास कृपया येथे द्याव्यात.