फूटीतला शेवटचा नॉकआउट करंडक

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, म्हणजे 'फूटी'च्या, हंगामपूर्व करंडकाला कुणीतरी 'निव्वळ सराव सामने' म्हटलंय. ते मला पटत नाही.

१९८८ पासून ही स्पर्धा हंगामाआधी खेळली जायला लागली आणि पहिलाच करंडक हॉथॉर्नने नेला. त्याच वर्षी त्यांनी मुख्य हंगामाचं विजेतेपदही मिळवलं! १९९३ मध्ये एसेंडनने आणि २००९ मध्ये जिलाँगने हीच दुहेरी कामगिरी केली. फेब्रुवारी-मार्चमधला फॉर्म सप्टेंबरपर्यंत, म्हणजे मुख्य हंगामाच्या अखेरीपर्यंत, टिकू शकतो, हे या संघांनी दाखवलंच की.

याची मुळं जुनी आहेत. १९५६ मध्ये मेलबर्नच्या लेक ओव्हलवर प्रकाशझोतात रात्रीची मालिका सुरू झाली, तीही मुख्य स्पर्धेत अंतिम चारांत न आलेल्या आठ संघांसाठी. साउथ मेलबर्न तिचा पहिला विजेता.

मला सगळ्यात आवडतो तो २००३ मध्ये आलेला नऊ गुणांचा 'सुपरगोल'. गोलपासून पन्नास मीटरवर मैदानात आखलेल्या कमानीसारख्या रेषेबाहेरून मारलेल्या गोलला सहाऐवजी नऊ गुण! त्यामुळे धावफलकावर तीन आकडे दिसायचे: सुपरगोल, गोल, बिहाइंड (गोल थोडक्यात हुकल्यावर मिळणारा एक गुण). म्हणजे १.१०.८ लिहिलं असेल तर ९ + ६० + ८, एकूण ७७. मागे पडलेला संघ शेवटच्या मिनिटांत लांबून बेधडक किक मारायचा, आणि ते बघायला खरंच मजा यायची. पॅनासॉनिकपासून नॅबपर्यंत प्रायोजक बदलत गेले, पण बाद फेरीची धग होती. २०१३ मध्ये ब्रिस्बेनने कार्लटनला हरवलं, तो शेवटचा अंतिम सामना. २०१४ पासून करंडकच नाही, नुसते सामने. 'सराव' हा शब्द त्यांना लावा, मी वाद घालणार नाही.