सतराव्या वर्षीच्या गुन्ह्यासाठी जन्मठेप : एकविसाव्या वर्षी पुढे काय?

प्रश्न (वाठोडा, नागपूर)

नमस्कार. आमच्या वस्तीतील एका मुलाच्या हातून सतराव्या वर्षी खून झाला, त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालला आणि त्याला जन्मठेप झाली. सध्या तो ‘सुरक्षित जागेत’ (अशा मुलांना कारागृहाऐवजी ठेवतात त्या संस्थेत) असून पुढच्या वर्षी त्याला 21 वर्षे पूर्ण होतील. त्याच्या आईला लिहितावाचता येत नसल्याने ती कागदपत्रे घेऊन माझ्याकडे येते. एकविसावे लागले की थेट वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहात रवानगी होते आणि मग चौदा वर्षे कोणी काही विचारत नाही, असे तिला कोणीतरी सांगितले आहे. हे खरे आहे का? शिवाय बहिणीच्या लग्नासाठी त्याला पॅरोल मागता येईल का? मुलाचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

उत्तर 1 (वकील, सिव्हिल लाइन्स)

नाव टाळलेत हे योग्यच केलेत; बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार ओळख उघड करता येत नाही. तिला मिळालेली माहिती अर्धवट आहे. याच कायद्याच्या कलम 21 नुसार अशा मुलाला फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही. कलम 20 नुसार 21 वर्षे पूर्ण होऊन शिक्षा उरली असेल, तर तो सुधारला आहे का आणि समाजात उपयोगी पडू शकेल का, हे बाल न्यायालयाने परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा सामाजिक कार्यकर्ता यांच्यामार्फत अथवा स्वतः तपासायचे असते. त्यानंतर उरलेल्या मुदतीसाठी देखरेख नेमून अटींवर सोडायचे की कारागृहात पाठवायचे, हे न्यायालय ठरवते. चौदा वर्षांची अट सरकारकडून मिळणाऱ्या शिक्षामाफीसाठी आहे. या तपासणीशी तिची गल्लत करू नये.

लग्नासाठी मागायची ती कलम 98 खालची रजा. परीक्षा, नातेवाइकाचे लग्न, घरातील मृत्यू किंवा आईवडिलांचे गंभीर आजारपण अशा कारणांसाठी एका वेळी साधारण सात दिवसांपर्यंत, प्रवासाचा वेळ वगळून आणि देखरेखीखाली ती देता येते. संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांचे नियम कारागृहातील कैद्यांसाठी आहेत. तिथे गेल्यावर ते लागू होतील.

उत्तर 2 (महाल)

ज्या घरातला माणूस गेला, त्या घरच्यांना यात कोणी विचारणार आहे का? कलम 20 मध्ये त्यांचा उल्लेखही नाही. 2012 च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कार प्रकरणातील (निर्भया) अल्पवयीन आरोपी तीन वर्षांनी, डिसेंबर 2015 मध्ये सुटला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते आणि त्याच महिन्यात हा कायदा राज्यसभेत संमत झाला. आता पुन्हा एकविसाव्या वर्षी सुटकेचे दार उघडणार असेल, तर मिळवले काय?

उत्तर 3 (माजी समुपदेशक, जरीपटका)

महालच्या मित्रांचा संताप मी समजू शकते आणि मृताच्या कुटुंबाचे म्हणणे ऐकले जावे, हेही मला मान्य आहे. मात्र हे दार आपोआप उघडत नाही. खरी अडचण निराळीच आहे. कलम 19 नुसार दरवर्षी प्रगतीचा अहवाल न्यायालयाकडे जायला हवा. मी पाहिलेल्या काही फायलींमध्ये त्या जागी एकच ओळ होती : ‘वर्तन समाधानकारक, तक्रार नाही.’ पुढच्या वर्षीही तीच ओळ, फक्त तारीख बदललेली. मुलगा दहावी झाला का, सुतारकाम शिकला का, केलेल्या कृत्याविषयी समुपदेशकाशी काय बोलला, याचा पत्ताच नाही. एवढ्या कागदावर न्यायाधीशांनी सुटका द्यायची तरी कशी आणि नाकारायची तरी कशी? उलट, ज्याच्यात काडीचाही बदल नाही, त्याच्याबद्दलही तीच ओळ लिहिलेली असते, आणि मृताच्या नातेवाइकांनी तर त्यावरच बोट ठेवायला हवे.

ताई असाल किंवा दादा, आईला आजवरचे वार्षिक अहवाल आणि वैयक्तिक काळजी योजना (त्याच्या सुधारणेसाठी आखलेला आराखडा) यांच्या प्रती मागायला सांगा. शाळेचे आणि प्रशिक्षणाचे दाखले आत्ताच फायलीला लावून घ्या.

उत्तर 4 (वकील, सिव्हिल लाइन्स)

सहमत. त्या प्रतींसाठी आणि लग्नाच्या रजेसाठी आईने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलाचा अर्ज करावा. लग्नपत्रिका जोडावी आणि तारीख तोंडावर येण्याची वाट पाहू नये.